पाया अजून खणला नाही

भंडारदरा, भाद्रपद

प्रिय माधुरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "पाया खणून झाला का?" आणि मी म्हणालो, "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय." आवाज तुटत नव्हता. इथे क्वचितच रेंज धड येते, आणि तो त्यातलाच एक दिवस होता. मागे तुझ्या कुकरची शिट्टीसुद्धा मला स्वच्छ ऐकू आली. म्हणून आता लिहूनच सांगतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, ही सोय मला लग्नानंतर प्रथमच मिळते आहे. तर, पाया खणलेला नाही. घमेलंभर मातीसुद्धा काढलेली नाही. पौषात आपण नगरला जाऊन रजिस्टरवर सह्या केल्या तेव्हा ठरलं होतं, की दिवाळीपर्यंत इथे दोन खोल्या उभ्या करायच्या आणि मग तू जामखेडचं बिऱ्हाड आवरून यायचंस. तोवर तू जिल्ह्याच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. या वयात लग्न करून वेगवेगळ्या तालुक्यांत राहणारं जोडपं म्हणून शाळेत माझी जी थट्टा चालते, ती मी संस्कृतच्या शिक्षकाला शोभेल अशा गांभीर्याने सोसतो. पण घर का होत नाही, हे तुला कळायला हवं. कारण ऐकून तू हसशील. हसून घे, मग पुढचं वाच.

जागा तूच निवडली होतीस. मी तुला आधी वरचा माळ दाखवला होता, जिथून धरणाचं पाणी दिसतं आणि जिथे बांधकाम सोपं. तू त्या पाण्याकडे जरा वेळ पाहिलंस, पदर डोक्यावर घेतलास आणि खाली ओहोळाकडे उतरलीस. तिथे उंबर आहे, दोन जांभळी आहेत, कधीकाळी मोडून पडलेला एक आंबा आहे आणि त्या सगळ्यांचा वर्षानुवर्षांचा पाला. तू चपला काढल्यास. पाल्यात पाय घोट्यापर्यंत बुडाले. "इथं," तू म्हणालीस. "जामखेडला सावली पाहिजे तर आधी उन्हातून लांब चालावं लागतं." उरलेला वेळ तू बोललीच नाहीस. मी बोलत होतो, खिडक्या कुठे, मोरी कुठे. आणि तू त्या हिरवट उजेडात उभी होतीस, पाण्याच्या तळाशी उभं असल्यासारखी. तुझ्या अंगावरून पानांच्या सावल्या सरकत होत्या. मला वाटलं, झालं, हिचं मन इथे बसलं. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला शांततेचा अर्थ लावता येत नाही, हे आता कळतंय.

श्रावणात थोडी उघडीप मिळाली आणि अमृत मिस्त्री आपली माणसं घेऊन आला. त्याची माणसं तुझ्याच बाजूची, पाथर्डी-जामखेडकडची. दसरा झाला की ती कोयते घेऊन ऊसतोडीला जातात आणि मग उन्हाळ्यापर्यंत इथे वीट हलत नाही. म्हणून त्याची घाई. "सर, आखणी तर करून ठिवू. पाऊस हटला की खांदायला घिऊ." त्याने दोऱ्या ताणल्या, आखणीसाठी चुन्याच्या फक्कीची गोणी उतरवली आणि आपल्या स्वयंपाकघराच्या जागेत आडवा पडलेला आंब्याचा ओंडका लोटायला दोघांना सांगितलं. ओंडका अर्धा कुजलेला, ओला, जड. तो एकदाचा कलंडला आणि लोटणारा गडी झटकन मागे सरला. "दुतोंडं हाय. सर, तुमी लांब व्हा."

ओंडक्याखालच्या खळग्यात एक वेटोळं होतं. जांभळट-करड्या रंगाचं, तेल लावलेल्या चामड्याच्या वादीसारखं, अंगभर गांडुळासारखी कडी. पण गांडूळ इतकं जाड नसतं आणि इतकं लकाकतही नाही. वेटोळ्याच्या मधोमध भिजल्या साबुदाण्यासारखी अंडी, एकाला एक चिकटलेली. उजेड अंगावर पडला तसं त्याने वेटोळं आणखी आवळलं. पळालं नाही. गड्याने फावडं उचललं आणि मी "थांबा" म्हणालो. वर्गाबाहेर मी इतक्या मोठ्याने कुणाला थांबा म्हणालो नसेन. वर्गात म्हणतो, तिथे कुणी थांबत नाही. हा थांबला.

गलका ऐकून शेजारच्या खाचरातून भागूबाई आल्या. तू त्यांना भेटली आहेस, तुझी नाडी धरून "लई वाळलीस गं" म्हणणाऱ्या त्याच. त्यांनी कमरेवर हात ठेवून खळग्यात वाकून पाहिलं.

"मास्तर, इखारी आस्तंय त्ये. चावलं तर मानूस पानी मागनार न्हाई."

"तुम्ही कुणाला चावलेलं पाहिलंत?"

"चावायला ठिवतंय कोन त्याला? दिसलं की कुदळीनं दोन तुकडं करतो आमी."

"दोन तुकडं केलं की त्याची दोन व्हत्यात म्हनं," अमृत म्हणाला.

"मंग चार कर," भागूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. पण अंडी दिसल्यावर त्यांचं हसू थांबलं. "बसलीय व्हय ही," एवढंच म्हणून त्या खाली उकिडव्या बसल्या, आणि मग फावडं आपोआप जमिनीला टेकलं.

आमच्या शाळेतला समर्थ, जीवशास्त्र शिकवणारा तरुण मास्तर, फोन करताच मोटारसायकलवर आला आणि इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात पालथा पडला. त्याला देवगांडूळ सापडलं होतं. हे गांडूळ नाही आणि सापही नाही. नात्याने बेडकाचं चुलत भावंड, फक्त पाय नसलेलं. मला इथे गंमत वाटली. संस्कृतात गांडुळाला गण्डूपद म्हणतात, म्हणजे ज्याला पाय नाहीत त्याच्या नावातच पाय. आणि मराठीने याला वर 'देव' लावला. आपल्या घराचा देवांशी फारसा व्यवहार नाही हे तुला ठाऊक आहेच, तरी या एकाला मी बिनभाड्याने राहू दिलंय. आमचे वडील, भाऊसाहेब, असते तर म्हणाले असते, "नाव देवाचं आन् जागा मातीखाली, हे बरं हाय." मला संस्कृतला घालताना तेच म्हणाले होते, की हे दार आपल्या लोकांना लावलेलं होतं, तर तूच ते उघड. वडिलांनी दार उघडून दिलं आणि मुलगा आयुष्यभर उंबऱ्यावर विभक्त्या चालवत बसला.

समर्थ सांगत होता आणि मी ओल्या दगडावर बसून ऐकत होतो. याचे डोळे कातडीखाली असतात. त्याला जग दिसत नाही, उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. डोळ्याजवळून एक केसासारखी बारीक मिशी बाहेर येते, तिने ते मातीचा वास चाखत चाखत पुढे जातं. डोकं पाचरीसारखं, ते मातीत रोवायचं आणि अंग मागून ओढून घ्यायचं. वाळवी, गांडुळं, मुंग्यांची अंडी, जे वाटेत येईल ते खायचं. पावसाळ्यात ते वर येतं. उन्हाळा लागला की ओल जशी खाली जाते तसं तिच्यामागोमाग खाली खाली उतरतं, कुणालाही न कळता. मला ते ऐकताना वाटलं, आपण चालतो त्या जमिनीखाली कुणीतरी सगळा उन्हाळा ओलीचा हात धरून निजलेलं आहे. त्याचा बराचसा श्वास कातडीतून चालतो, म्हणून कातडी ओली हवी. ती वाळली की संपलं. म्हणजे त्याला झाड नको असतं, झाडाखालचं हवं असतं. वरून सावली, तिच्याखाली पाला, पाल्याखाली कुजतं लाकूड आणि त्याखाली भुसभुशीत माती, जिने पाणी धरून ठेवलंय पण साठवलेलं नाही. पाला झाडून नेला, ओंडका चुलीत गेला, माती दाबून बसवली, की वर झाडं कितीही हिरवी दिसोत, खाली कुणी उरत नाही. चुना तर त्याला पोळतोच. मी अमृतकडे पाहिलं. त्याने न सांगता फक्कीची गोणी उचलून रस्त्याकडे नेली.

"हलवलं तर?" मी विचारलं. समर्थने मान हलवली. एकदा वेटोळं सुटलं की मादी पुन्हा बसेल याचा भरवसा नाही, म्हणाला. मग अंडी सुकतात नाहीतर त्यांना बुरशी धरते. बरं, बादलीत माती घालून तिला सगळ्या संसारासकट दुसऱ्या झाडाखाली नेलं तर? तो हसला. "सर, माती नेता येईल. तिच्यातली वर्षं कशी नेणार?" पोरगा जीवशास्त्र शिकवतो, पण कधी कधी चुकून माझ्या विषयात शिरतो. आम्ही सगळ्यांनी मिळून ओंडका होता तसा पुन्हा ठेवला, त्यावर पाला ओढला. अमृतने दोऱ्या गुंडाळल्या.

त्यानंतर बरेच दिवस शाळा सुटली की मी छत्री घेऊन तिथे जाऊन बसत असे. काही दिसत नसे. पण न दिसणाऱ्या गोष्टीकडे पाहत बसणं संस्कृतच्या माणसाला जड जात नाही. आमची निम्मी वाक्यं क्रियापदाची वाट पाहत उभी असतात. दुपारी ओहोळातून धुकं वर चढायचं आणि जांभळींच्या बुंध्यांना पुसून टाकायचं. मग झाडं वरच्या वर तरंगत राहायची. पाऊस पडतोय की थांबलाय हे पानांना विचारावं लागे, कारण तो थांबल्यावरही त्यांच्याकडून बराच वेळ गळत राहायचा. कुठेतरी खेकडा दगड सरकवायचा. भागूबाईंची म्हैस ओरडायची आणि धुक्यात तो आवाज कुठल्या बाजूने आला ते कळायचं नाही. अशा वेळी तू शेजारी बसली आहेस असं मला वाटायचं आणि मी तुला काहीतरी सांगायला तोंड उघडायचो. एकदा भागूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी गावात सांगितलं की मास्तर दुतोंड्याला पाढे शिकवतो.

पण अमृतला धुक्याशी कर्तव्य नव्हतं. "सर, दसऱ्यानंतर मानसं ऊसाच्या फडात कोपीवर ऱ्हायला जातील. मंग मला बोल लावू नका. वरच्या माळाला घ्या घर, हितलं राहू द्या त्या गांडुळाला." सूचना शहाणपणाची होती. वरचा माळ कातळाचा आहे, सावली नाही, पण पाया भक्कम. मी तुला फोन केला. मला वाटलं, आता ही भांडणार. कोथिंबिरीची जुडी घेताना बाजार डोक्यावर घेणारी बाई. सावलीसाठी निवडलेली जागा जाऊन तिच्या पदरात कातळ पडतोय. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. तू म्हणालीस, "चालेल." मग म्हणालीस, "तुला बरं वाटेल तसं कर." माधुरी, मी ती सगळी उत्तरं तशीच घेऊन घरी आलो आणि मला जेवण गेलं नाही. घर कुठेही झालं तरी जिला चालतं, तिला ते घर हवंच आहे का, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

मग मी तुझे फोन आठवू लागलो. तू सावलीबद्दल एकदाही विचारलं नव्हतंस. तू विचारत होतीस, तिथे दवाखाना किती लांब, तिथे बाळंतपणं कोण करतं, आणि एकदा, अगदी सहज, "तिथं दारात कोण येतं रे?" मी म्हणालो होतो, "कुणी नाही, अगदी शांत," आणि त्याची मला प्रौढी वाटली होती. तुझ्या दारात मात्र प्रत्येक फोनला कुणीतरी असतं. तू "थांब हं" म्हणून फोन पाटावर ठेवतेस आणि मी इकडे रेडिओ ऐकावा तसं ऐकत बसतो. मेमध्ये तू दवाखान्यातून निवृत्त झालीस, पण ही बातमी जामखेडात कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. "लेकराला तापात गार पान्यानं धुतलं का न्हाई, खरं सांग." "सिस्टर, सासू म्हनली." "सासूला घिऊन ये हिकडं, तिला बी इंजेक्शन देते." मग हशा. परवा ती जया आली होती, जिचा जन्म तुझ्या हातावर झाला आणि जी आता स्वतः भरल्या दिवसांची आहे. तू तिच्या पोटावर हात ठेवला असशील, कारण बराच वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मग तू म्हणालीस, "डोकं खाली हाय. झोप जा निवांत." तो तुझा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. आमच्या झाडाखाली तू गप्प उभी होतीस तेव्हा मला जे मन बसणं वाटलं, ते काय होतं ते मला त्या एका वाक्याने कळलं. तू तिथे निरोपाची तयारी करत होतीस.

तुझी तुलना मी गांडुळाशी करतोय असं समजून रागावू नकोस. कमळं, हरिणी आणि वेली आमच्या कवींनी पूर्वीच संपवल्या. माझ्या वाट्याला आलं ते असं. पण पाहा ना, सगळे जामखेडला कोरडं म्हणतात, मीही म्हणत होतो. टँकर, धूळ, बाभळी. तुझी ओल पाण्याची नाहीच. ती दारात येणाऱ्या माणसांची आहे, ती तिथे साचायला तुझं सगळं आयुष्य लागलं, आणि मी ती बादलीत घालून भंडारदऱ्याला आणायला निघालो होतो. वर तुला दृश्य दाखवत होतो. मी मात्र निबर कातडीचा प्राणी. एक शब्दकोश, एक चहाचं पातेलं आणि टेकायला भिंत एवढं असलं की मी कुठल्याही तालुक्यात तग धरतो.

गेल्या आठवड्यात समर्थ पुन्हा आला. त्याने ओंडका बोटभर उचलला आणि आम्ही दोघे आत डोकावलो. अंडी नव्हती. मातीत शिवणाच्या दोऱ्यासारखी पिल्लं वळवळत होती आणि त्यांची आई तिथेच होती, बरीच रोडावलेली, वेटोळं सैल सोडून. ओंडका आम्ही लगेच खाली ठेवला. मग मी भागूबाईंकडे गेलो, कारण खरा वाद तिथे होता. दर वर्षी त्या तुझ्या-माझ्या झाडांखालचा वरवरचा पाला नेतात आणि राब भाजतात, म्हणजे खाचराच्या कोपऱ्यात पाला-पाचोळा पसरून जाळतात आणि त्या भाजलेल्या मातीत भाताची रोपं टाकतात. मी म्हटलं, ओहोळाकडचा पाला यापुढे नेऊ नका. "मंग रोपं काय तुमच्या भाषनावर यायची?" त्यांनी विचारलं. शेवटी वरच्या अंगाचा सगळा पाला त्यांचा, खालच्या अंगाला विळासुद्धा लावायचा नाही, आणि जांभळं मात्र दोन्हीकडची त्यांची, असं ठरलं. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावतात, "तिकडं जाऊ नका, मास्तरचं जनावर इखारी हाय." मी ही समजूत दुरुस्त केलेली नाही. जागा राखायला याहून चांगलं काही मला सुचत नाही.

हे सगळं तुला का लिहिलं ते आता सांगतो. काल मी अमृतला सांगितलं, तुझी माणसं दुसऱ्या कामावर ने. खालीही नको आणि वरच्या माळावरही नको. मुख्याध्यापकांना म्हणालो, पहिलं सत्र संपलं की मी बहुधा नोकरी सोडेन. दिवाळीनंतर मी जामखेडला यायचं म्हणतोय, राहायला. मी दाराबाहेर ओट्यावर बसेन, आलेल्या सासवांना चहा करून देईन आणि तुझ्या इंजेक्शनांच्या मधे येणार नाही. 'बहुधा' अशासाठी, की एक गोष्ट तुझ्या हातात आहे. परवा जया जाताना विचारत होती, "कुनाचा फोन हाय, सिस्टर?" आणि तू म्हणालीस, "हायेत एक मास्तर, भंडारदऱ्याकडचे." मी दुखावलो नाही, वर्णन अचूक होतं. पण पौषापासून आतापर्यंत तू गल्लीत आपल्या लग्नाचं कुणालाच सांगितलेलं नाहीस, हे मला तेव्हा कळलं, आणि का नाही तेही. लग्न केलं असं सांगायचं, तर त्याच दमात मी आता जाणार असंही सांगावं लागलं असतं, आणि ते तुझ्या तोंडून निघेना. आता ते सांगायला नको. तू कुठेही जात नाहीस. तेव्हा उद्या सकाळी जी कुणी पहिली दारात येईल तिला सांगून टाक, आणि मग मला एवढंच कळव: स्टँडवर उतरून मी तुझ्या गल्लीत शिरलो आणि कुणी विचारलं, "पाव्हनं, तुमी कोन?", तर मी काय सांगू?

तुझाच (निदान नगरच्या रजिस्टरात तरी),
नितीन